कुत्र्याने बाही पकडली, म्हणजे तो तुमचं रक्षण करेल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. १४ महिन्यांचा जर्मन शेफर्ड नर, घरच्यांशी लाडाचा, फाटकाशी कुणी आलं की घर डोक्यावर घेतो. एका ट्रेनरने तुमच्याच अंगणात त्याची 'टेस्ट' घेतली. जाड बाही घातलेला माणूस काठी आपटत अंगावर आला, कुत्र्याने बाही पकडली, आणि 'याच्या रक्तातच आहे' असं सांगून ट्रेनर त्याला २ महिन्यांसाठी आपल्याकडे घेऊन जायला तयार झाला. हा कुत्रा या कामाला योग्य आहे का, २ महिन्यांत हे होतं का, आणि वेळ आली तर तो खरंच मध्ये पडेल हे आधी कसं ओळखायचं, असे तीन प्रश्न तुम्ही विचारले आहेत.

पहिल्याचं उत्तर त्या टेस्टवरून कुणालाही देता येणार नाही, मलाही नाही. दुसऱ्याचं उत्तर 'नाही' असं आहे. तिसऱ्यावर मात्र सविस्तर लिहावं लागेल, कारण या धंद्यात सगळ्यात जास्त फसवणूक चाचणीच्या नावाखालीच होते.

आधी त्या अंगणातल्या टेस्टबद्दल. आपल्या गल्लीत कुत्रासुद्धा वाघ असतो, ही म्हण ज्याने केली त्याने कुत्री नीट पाहिली होती. ओळखीची जमीन, मागे मालक, पुढे फाटक, गळ्यात ताणलेला पट्टा, एवढा आधार असल्यावर बऱ्यापैकी भित्रा कुत्राही शूर दिसतो. शिवाय फाटकावरच्या भुंकण्याला रोज बक्षीस मिळत असतं. कुरियरवाला येतो, कुत्रा भुंकतो, कुरियरवाला निघून जातो. कुत्र्याच्या हिशेबात तो भुंकण्याने पळाला. असं वर्षभर चाललं की भुंकणं पक्कं होतं, पण त्यामागे हिंमत आहे की नुसती सवय, हे कळत नाही. कळून घ्यायचं असेल तर समोरचा माणूस निघून न जाता शांतपणे तिथेच उभा राहिला तर काय होतं ते पाहा. काही कुत्र्यांचा आवाज खाली उतरतो, ती पुढे येऊन वास घेतात, अंदाज घेतात. पुष्कळ कुत्री मात्र एक पाऊल मागे, दोन भुंक, परत एक पाऊल मागे, अशी हळूहळू मालकाच्या पायामागे जातात.

अंग वाचायला शिका. वजन पुढच्या पायांवर आहे की मागच्या? ओठांचे कोपरे मागे खेचले जाऊन दाढांपर्यंत सगळे दात दिसत असतील तर ती बहुधा भीती. ओठ पुढे आलेले, नाकावर सुरकुत्या आणि फक्त पुढचे दात दिसत असतील, तर कुत्रा जागा सोडणार नाही असं सांगतोय. भुंकण्याचा सूर वर चढत किंकाळीकडे जातोय की खोल राहतोय? पाठीवरचे केस उभे राहिले म्हणजे कुत्रा तापट, असा लोकांचा समज असतो. तसं काही नाही. केस उभे राहणं म्हणजे उत्तेजना एवढंच, ती भीतीने असेल, रागाने असेल, कधीकधी दुसऱ्या कुत्र्याशी खेळायच्या हुरूपानेही असते. शेपूट हलतेय म्हणजे कुत्रा खूश, हाही तसलाच गैरसमज.

आता त्याने पकडलं काय, ते बघा. हलणारं कापड. हलणाऱ्या वस्तूमागे धावून ती तोंडात धरणं ही शिकारीची ओढ आहे, आमच्या बोलण्यात 'प्रे ड्राइव्ह'. चांगल्या कामाच्या कुत्र्यात ती हवीच, सुरुवातीचं सगळं शिक्षण तिच्यावरच उभं राहतं. पण या ओढीत समोरच्या माणसाशी वैर नसतं, त्याला हवी असते ती बाही. दुसरी ओढ बचावाची, 'डिफेन्स'. इथे कुत्र्याला समोरचा माणूस हा धोका वाटतो आणि तो त्याला दूर सारू पाहतो. या ओढीचा काठ फार निसरडा असतो. दाब थोडा जास्त पडला की कुत्रा पळून जाण्याचा विचार करू लागतो. खरं संरक्षणाचं काम या दोन्हींच्या मधे कुठेतरी होतं: कुत्रा माणसालाच प्रतिस्पर्धी मानतो आणि त्याच्याशी भिडण्यात त्याला भीतीपेक्षा आत्मविश्वास जास्त असतो. हे मिश्रण काही प्रमाणात शिकवता येतं, पण मुळात ज्याला आम्ही 'नर्व्ह' म्हणतो, ती मज्जातंतूंची मजबुती कुत्रा जन्मतः घेऊन येतो. प्रशिक्षणाने ती वापरायला शिकवता येते, नसलेली आत घालता येत नाही.

म्हणून चाव्याचं काहीही सुरू करण्याआधी मी वेगळ्याच गोष्टी तपासतो, आणि त्यात कुणी अंगावर येत नाही. कुत्र्याला त्याने कधी न पाहिलेल्या जागी नेतो. गुळगुळीत फरशी, लोखंडी जाळीचा जिना, अंधारी खोली. त्याच्यामागे थोड्या अंतरावर पत्र्याचा डबा पाडतो. अचानक छत्री उघडतो. कुत्रा दचकला तर काही हरकत नाही, दचकणं निरोगी आहे. मला पाहायचं असतं ते त्यानंतरचं. तो काही सेकंदांत स्वतःहून त्या डब्याकडे वास घ्यायला जातो का? की त्यानंतर पूर्ण वेळ त्या कोपऱ्याला वळसा घालून चालतो? पहिल्या कुत्र्याबरोबर काम करता येईल. दुसरा प्रेमळ, हुशार, देखणा असू शकेल, पण त्याला माणसांवर सोडायला शिकवणं धोक्याचं आहे. घाबरलेला कुत्रा चावणार नाही असं नाही, उलट तोच आधी चावतो, आणि बहुतेक वेळा चुकीच्या माणसाला.

पिल्लं निवडतानाही लोक सातव्या-आठव्या आठवड्यातल्या चाचण्यांवर फार भरवसा ठेवतात. त्या वयातल्या चाचणीवरून मोठेपणीचं वागणं खात्रीने सांगता येत नाही. आई-बाप प्रत्यक्ष पाहणं जास्त उपयोगाचं. तिसऱ्या ते साधारण बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंत पिल्लाने किती माणसं, आवाज, जागा पाहिल्या, हेही मोलाचं. त्या काळात अंगणात बांधून ठेवलेलं पिल्लू पुढे 'फार सावध' होतं, आणि मालक त्यालाच राखणदार म्हणून मिरवतो.

तुमचा कुत्रा १४ महिन्यांचा आहे. शरीराने मोठा दिसला तरी मोठ्या चणीचे कामाचे कुत्रे मनाने दोन ते तीन वर्षांपर्यंत पिकत असतात. या वयात शिकारीच्या ओढीवरचं खेळकर काम जरूर करावं, पण धमकीचा पूर्ण दाब देऊ नये. काठी आपटत सरळ अंगावर येणारा माणूस हा कच्च्या कुत्र्यासाठी फार मोठा दाब आहे. त्या दिवशी तो टिकला म्हणजे सावरला, असं नाही. पुढच्या आठवडाभरात तो रस्त्यावरच्या काठीवाल्या, टोपीवाल्या, लंगडणाऱ्या माणसांवर नव्याने भुंकू लागलाय का, ते बघा. तसं असेल तर त्या टेस्टचा हिशेब अजून चुकता व्हायचा आहे.

हे काम नीट सुरू कसं होतं, तेही सांगतो, म्हणजे तुम्हाला कुठल्याही मैदानावर जाऊन पारख करता येईल. पिल्लूपणी चिंधी आणि मऊ दोरीचा तुकडा, हलवून, पळवून, आणि बहुतेक वेळा पिल्लाला जिंकू देऊन. साधारण चौथ्या ते सहाव्या-सातव्या महिन्यात दात बदलतात, तेव्हा ओढाओढ बंद. हिरड्या दुखत असताना केलेली जबरदस्ती पुढे आयुष्यभर पकडीत दिसते. त्यानंतर तागाची जाड उशी, मग मऊ बाही, मग कडक बाही, मग पूर्ण अंगाचा बाईट सूट. या सगळ्यात बघायची ती पकड. कुत्र्याने तोंड पूर्ण भरून, दाढांपर्यंत आत घेऊन, शांतपणे धरलं पाहिजे. फक्त पुढच्या दातांनी धरणारा, सारखी जागा बदलत चावत राहणारा, धरल्या-धरल्या गुरगुरणारा कुत्रा आतून अस्वस्थ आहे. प्रेक्षकांना हाच जास्त भयंकर वाटतो. जाणकार मात्र तिथे काम थांबवतात.

कुत्रा तयार करतो तो खरं तर पट्टा धरणारा ट्रेनर नाही, समोरचा हेल्पर. त्याला डिकॉयही म्हणतात. चांगल्या हेल्परचं काम जवळून पाहा. कुत्रा रुंद हार्नेसमध्ये, लांब दोरीने खांबाला. हेल्पर तिरका चालत येतो, नजर जमिनीकडे. कुत्रा भुंकतो, हेल्पर दचकल्यासारखा झटकन बाजूला होतो, कुत्र्याला वाटतं आपण त्याला हलवलं. काही फेऱ्यांनंतर हेल्पर क्षणभर थांबतो, खांदे सरळ करतो आणि कुत्र्याच्या डोळ्यांत पाहतो. हाच तो दाब, काठी नाही, ओरडणं नाही. कुत्र्याचं भुंकणं एकदम खालच्या सुरात जातं, छाती पुढे येते, दोरी ताणली जाते. त्याच क्षणी हेल्पर नजर सोडतो, मागे सरतो आणि बाही देतो. एक सेकंद उशीर झाला, तर कुत्रा ओठ चाटतो, मान बाजूला वळवतो किंवा अचानक जमिनीचा वास घ्यायला लागतो. म्हणजे त्याने मनातून माघार घेतली. हे ज्याला दिसत नाही, तो हेल्पर कुत्रा घडवत नाही, बिघडवतो. बांधलेल्या कुत्र्याला काठीने डिवचून 'तापवणारे' लोक दिसले, तर आपला कुत्रा घेऊन तिथून निघा, पैसे भरलेले असले तरी.

एक जाता जाता: कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही, तो धापा टाकून अंग थंड करतो, आणि तोंड भरून बाही धरली की धाप नीट टाकता येत नाही. उकाड्याच्या दिवसांत भर दुपारी चाव्याचं काम करून घेणारा ट्रेनर कुत्र्याच्या जिवाशी खेळतोय.

आता 'सोड'. हे शिकवायला चावा शिकवण्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ आणि अक्कल लागते. पद्धत ढोबळपणे अशी: हेल्पर हलायचा थांबतो, बाही मेल्यासारखी होते, मालक शांत आवाजात एकदाच 'सोड' म्हणतो, कुत्रा सोडतो, आणि लगेच त्याला बक्षीस म्हणून पुन्हा चावायला मिळतं. त्यामुळे सोडणं म्हणजे खेळ संपणं नाही, हे त्याच्या डोक्यात बसतं. पट्ट्याला हिसके देऊन किंवा विजेच्या कॉलरने सोडायला लावणारे खूप आहेत. चावत असताना झालेली वेदना पुष्कळदा समोरच्या माणसाच्या नावावर जमा होते आणि कुत्रा अजून घट्ट धरतो, किंवा उलटून मालकाच्या हातावर येतो. वेल्समध्ये शॉक कॉलर २०१० पासून बेकायदा आहेत, जर्मनीतही त्यांना बंदी आहे, आणि जर्मन कुत्री त्यावाचून काही कमी पडलेली नाहीत. 'सोड'च्या पुढची पायरी म्हणजे धावत सुटलेल्या कुत्र्याला माणसापर्यंत पोहोचायच्या आत परत बोलावणं. ज्या कुत्र्याला हे येत नाही, तो माझ्या लेखी संरक्षणाचा कुत्रा नाही, तो सुटलेली गोळी आहे.

तुम्ही 'आयजीपी केलेला कुत्रा घेतला तर?' असंही विचारलं होतं. आयजीपी ही कामाच्या कुत्र्यांची परीक्षा, आणि तिच्या स्पर्धाही खेळतात, म्हणून या खेळाबद्दल थोडं. जर्मन शेफर्डची संघटना माक्स फॉन श्टेफानिट्झ यांनी १८९९ मध्ये सुरू केली, आणि पैदाशीला कुठले कुत्रे घ्यायचे हे ठरवण्यासाठी जर्मनीत जी परीक्षा आकाराला आली ती शुट्झहुंड. पुढे तिच्या आंतरराष्ट्रीय रूपाला आयपीओ म्हणू लागले, आणि २०१९ पासून आयजीपी. माग काढणं, आज्ञापालन आणि संरक्षण असे तीन भाग, प्रत्येकी १०० गुण, प्रत्येकात किमान ७० हवेत. त्याआधी बीएच ही वागणुकीची परीक्षा द्यावी लागते. बीएचला कुत्रा किमान १५ महिन्यांचा आणि आयजीपीच्या पहिल्या पातळीला १८ महिन्यांचा असावा लागतो. २ महिन्यांचं पॅकेज विकणाऱ्याला हे आकडे दाखवा. नुसत्या खेळाच्या पहिल्या पातळीलासुद्धा लोक पिल्लूपणापासून दीड-दोन वर्षं घालवतात.

ही परीक्षा कुत्र्याबद्दल बरंच सांगते: तो ऐकतो का, गोळीच्या आवाजाने बिथरतो का, दाबाखाली पकड टिकवतो का. पण मैदान ठरलेलं, क्रम ठरलेला, हेल्परच्या हातात बाही दिसते, आणि कुत्र्याला हे सगळं तोंडपाठ असतं. हॉलंडमध्ये १९०७ पासून चालत आलेली केएनपीव्ही ही परीक्षा जास्त पोलिसी वळणाची, तिथे पूर्ण सूट वापरतात. माँडिओरिंग नावाच्या अशाच खेळात दर स्पर्धेत देखावे बदलतात. तरी खेळ तो खेळ. खेळातला उत्तम कुत्रा बाही नसलेल्या माणसापुढे गोंधळून उभा राहिलेला मी पाहिला आहे, आणि त्यात त्या कुत्र्याचा काही दोष नव्हता. त्याला तेच शिकवलं होतं.

तर चाचणी. माझ्या मते तिची सुरुवात चाव्यापासून होताच कामा नये. पहिला भाग आहे काही न करण्याचा. मालक अनोळखी माणसाशी हात मिळवतो. कुणी धावत शेजारून जातं. एक मूल किंचाळत पळतं, अर्थात सुरक्षित अंतरावरून आणि कुत्र्याला मझल, म्हणजे चावता येऊ नये म्हणून तोंडावर बांधायची जाळी, घालून. मित्र मालकाला मिठी मारतो. कुणीतरी अडखळून मालकाच्या खांद्यावर आपटतो आणि माफी मागतो. दोघं जण मोठ्या आवाजात वाद घालतात. यातल्या एकाही प्रसंगी कुत्रा झेपावला, तर पुढची चाचणी रद्द. संरक्षणाच्या कुत्र्याच्या आयुष्यातले जवळजवळ सगळे दिवस असेच जाणार आहेत. कुणावर धावून जायचा दिवस कदाचित कधीच येणार नाही. मग त्याला कशात पक्का करायला हवा, हे उघड आहे.

दुसरा भाग जागेचा आणि माणसाचा. जागा कुत्र्याने कधी न पाहिलेली, हेल्पर कधी न भेटलेला, अंगावर दिसणारं काहीही साहित्य नाही. साध्या शर्टाच्या आत लपवलेली पातळ बाही, किंवा कुत्र्याला नीट बसणारं मजबूत मझल. मझल मला जास्त आवडतं, कारण त्यात कापडाचा मोहच उरत नाही. कुत्रा मझल असतानाही छातीने आदळून माणसाला ढकलत राहिला, तर तो माणसाशी भिडतोय. एकदा आदळून गोंधळला, मालकाकडे बघायला लागला, पंजाने मझल ओरबाडू लागला, तर त्याला बाहीच हवी होती. मझलची सवय आधी कित्येक दिवस खाऊ देत, फिरवत लावलेली असावी. चाचणीच्या दिवशी पहिल्यांदा घातलेल्या मझलवरून काहीच निष्कर्ष निघत नाही.

बाही टाकून देण्याची चाचणी सोपी आहे आणि सगळ्यात बोलकी. कुत्र्याने बाही पकडली की हेल्पर हात काढून घेतो, बाही कुत्र्याच्या तोंडात राहते, आणि हेल्पर थेट मालकाकडे चालू लागतो. पुष्कळ कुत्री बाही तोंडात मिरवत ऐटीत फेरी मारतात, मागे 'हल्लेखोर' मालकाच्या गळ्याशी पोहोचलेला असतो. तुमच्या ट्रेनरने त्या दिवशी बाही सोडून दिली असती तर काय झालं असतं, हा प्रश्न त्याला जरूर विचारा. मात्र ही चाचणी घेताना कुत्रा लांब दोरीवर असलाच पाहिजे, आणि हेल्परने कपड्यांखाली संरक्षक सूट घातलेला असला पाहिजे. जो कुत्रा बाही टाकून माणसाकडे वळतो, तो खरंच वळतो.

यापुढे परिस्थिती बदलत न्यायची. धडपडणारा, ओरडणारा हल्लेखोर प्रत्येक कुत्र्याला जमतो. गप्प उभा असलेला, हात खाली सोडलेला, न बोलणारा माणूस जमत नाही, आणि मालकाने आज्ञा दिल्यावर त्याच्याकडेही जाणारा कुत्रा फार थोड्यांकडे असतो. खुर्चीत बसलेला माणूस. अरुंद जिन्यात वरच्या पायरीवर उभा असलेला. गाडीच्या आतून. मालक जमिनीवर पडलेला असताना, कारण माणूस खाली पडला की बरीच कुत्री त्याला खेळ समजतात किंवा मालकावरच चढतात. हेल्परने चेंडू किंवा खाऊ फेकला तर लक्ष जातं का? दुसरा माणूस मागून आला तर? एका दिवसात हे सगळं करायचं नाही. प्रत्येक चाचणी हा कुत्र्यासाठी धडाही असतो. दाबाखाली हरायला लावलेला कुत्रा हरायला शिकतो. म्हणून शेवटी त्याला जिंकू द्यायचं, अगदी कठीण प्रसंगातही हेल्परने योग्य वेळी माघार घ्यायची.

चाचणी केव्हा होणार हे शक्य तर मालकालाही माहीत नसावं. पट्टा धरलेल्या हाताचा ताण, थांबलेला श्वास, नजर, हे सगळं कुत्रा वाचतो. २०११ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी वास शोधणाऱ्या कुत्र्यांच्या आणि त्यांना हाताळणाऱ्या माणसांच्या, म्हणजे हँडलरच्या, १८ जोड्या घेतल्या. हँडलरना सांगितलं की वास लपवलेला आहे, काही ठिकाणी खूणही दाखवली. प्रत्यक्षात कुठेच काही लपवलेलं नव्हतं, तरी 'सापडलं' अशा नोंदी भरपूर झाल्या, आणि हँडलरना खूण दिसत होती तिथे जास्त. काम वेगळं असलं तरी दोरी तीच आहे. मालकाला माहीत असेल तर कुत्र्याची चाचणी होते की मालकाच्या अंगाची, हे वेगळं करता येत नाही. फक्त अशा चाचणीत दोरीवर दुसरा जाणता माणूस हवा, आणि आजूबाजूच्या लोकांना पूर्वकल्पना दिलेली हवी.

शेवटचा भाग लोक विसरतात. सगळं झाल्यावर कुत्र्याला पाचेक मिनिटं फिरवून आणा. तोच हेल्पर, आता साध्या कपड्यांत, मालकाशी गप्पा मारत उभा. कुत्रा सावध असला तर चालेल, नजर ठेवली तर चालेल. पण त्याने शांत बसून राहावं, श्वास उतरलेला असावा, मालकाने हाक मारली की लक्ष द्यावं. जो कुत्रा तासाभराने पण थरथरत, डोळे वटारून सगळीकडे शोधतोय, त्याला बंद करायचं बटण नाही. तो घरात ठेवायचा म्हणजे घरातल्यांनी कायम दबून राहायचं.

एक कळकळीची विनंती: मित्राला चेहरा झाकून, रात्री तुमच्यावर धावून यायला सांगून 'घरगुती टेस्ट' घेऊ नका. कुत्रा बिनकामाचा निघाला तर तुम्ही हिरमुसाल एवढंच, पण कामाचा निघाला तर मित्राचा हात जाईल. आणि पोटात काठी किंवा लाथ बसली, तर कुत्राही कायमचा खचेल.

कुत्रा ट्रेनरकडे ठेवून येण्याबद्दल माझं मत कडक आहे. साधं आज्ञापालन दुसऱ्याकडे शिकून आलेला कुत्रा थोड्या मेहनतीने तुमचंही ऐकू लागतो. चावायला शिकून आलेला कुत्रा घरी आला, आणि 'सोड' फक्त ट्रेनरच्या आवाजाला बांधलेलं असलं, तर तुम्ही एक हत्यार घरात आणलं आणि त्याची कळ दुसऱ्याकडे राहिली. तयार कुत्रा विकत घेतानाही हेच. विक्रेत्याचे व्हिडिओ त्याच्याच मैदानावर, त्याच्याच हेल्परबरोबर घेतलेले असतात. तुमचा हेल्पर, तुमची जागा आणि पट्टा तुमच्या हातात, एवढं मान्य असेल तरच पुढे बोला. कागद काय ते ठीक आहे, पण खुब्यांचे आणि कोपरांचे एक्स-रे मात्र मागाच, कारण दुखऱ्या खुब्याचा कुत्रा दाबाखाली आधी तुटतो. घेतल्यावरही महिनोन्महिने तुम्हालाच शिकायचं आहे, आणि नियमित सराव कुत्रा म्हातारा होईपर्यंत चालू ठेवायचा आहे. त्याने कुणाला इजा केली तर कायद्यापुढे मालक म्हणून तुम्ही उभे राहणार. 'प्रशिक्षित होता' हा बचाव बऱ्याचदा उलटाच पडतो, म्हणून तुमच्याकडचे नियम वकिलाकडून आधीच समजून घ्या.

आता तुमच्या कुत्र्याचं काय करायचं ते. तुम्ही लिहिलंय की घरात लहान मुलं आहेत, त्यांचे मित्र येत-जात असतात, आणि भीती मुख्यतः चोरीची आहे. अशा घराला चावणारा कुत्रा लागत नाही, आज्ञेवर भुंकणारा आणि आज्ञेवर गप्प होणारा लागतो. चोर शक्यतो आवाज टाळतो, आणि अंधारात खोल आवाजात भुंकणारा मोठा शेफर्ड काय शिकलाय हे बाहेरच्या माणसाला कळायचा मार्ग नसतो. हे तुम्ही स्वतः घरी शिकवू शकता. त्याला आवडणारा चेंडू तोंडापुढे धरून न देता थांबा. चिडून पहिला भुंक निघाला की लगेच 'बोल' म्हणा आणि चेंडू द्या. काही दिवसांत शब्द आधी आणि भुंकणं नंतर येईल. मग तीन-चार भुंकांनंतर खाऊ नाकापाशी आणा, तो वास घ्यायला गप्प होईल त्या क्षणी 'बस झालं' म्हणून खाऊ द्या. दोन्ही पक्कं झालं की फाटकापाशी करा, मग रात्री, मग घराबाहेर अनोळखी रस्त्यावर.

सोबत पाहुण्यांसाठी एक ठरलेली गादी: घंटा वाजली की एकदा भुंकायचं आणि गादीवर जाऊन बसायचं. फाटकावर त्याला एकटं सोडणं आजपासून बंद करा, कारण तिथे तो रोज चुकीचाच धडा गिरवतोय. आठवड्यातून काही वेळा नव्या जागी न्या, बाजार, स्टेशनचा परिसर, जिने, आणि काहीही न करता नुसतं बसवून ठेवा. तो २ वर्षांचा झाला की एखाद्या जुन्याजाणत्या, खेळाच्या क्लबमधल्या हेल्परला परक्या मैदानावर त्याला दाखवा, डब्याच्या आवाजापासून सुरुवात करून. तोपर्यंत त्या ट्रेनरने पुन्हा बाही घेऊन अंगणात यायची गरज नाही.